शाळेच्या सगळ्या विषयांत आशिया कसा आणायचा? नाशिकच्या शिक्षक-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. पाचवी ते नववीच्या सगळ्या विषयांत आशिया खंडाचा अभ्यास मिसळण्याचं काम आमच्या शिक्षकांनी काही वर्षांपूर्वी हाती घेतलं. तेव्हापासून शिक्षण परिषदेत, पालकसभेत, कधी भाजीच्या गाड्यावरसुद्धा लोक थांबवून प्रश्न विचारतात. तेच प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे देते आहे.

हा नवा विषय आहे का? त्याचं पुस्तक कोणतं?

नाही. पुस्तक नाही, वेगळी तासिका नाही, वेगळे गुणही नाहीत. गणिताचा तास गणिताचाच राहतो, फक्त त्यातलं एखादं उदाहरण कंबोडियाहून येतं. मराठीचा तास मराठीचाच राहतो आणि शब्दांचा माग काढता काढता मुलं इराणपर्यंत जाऊन येतात.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सगळ्या विषयांतून झिरपत जावेत असे तीन प्राधान्यविषय ठरवलेले आहेत. एक तिथल्या आदिवासी समाजांचा इतिहास आणि संस्कृती, दुसरा आशिया आणि ऑस्ट्रेलियाचे आशियाशी संबंध, तिसरा शाश्वत विकास. या कामासाठी तिथे १९९२ पासून 'एशिया एज्युकेशन फाउंडेशन' नावाची संस्था होती. शिक्षणाविषयीच्या २००८ च्या मेलबर्न जाहीरनाम्यात तर ऑस्ट्रेलियाची मुलं 'आशिया-साक्षर' व्हायला हवीत असं लिहिलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला चुटपुट लागली. आशियाच्या बाहेरचा, शेजारचा एक देश आपल्या मुलांना आशिया नीट कळावा म्हणून एवढा खटाटोप करतो, आणि आशियाच्या पोटात बसलेल्या आपण तो एका धड्यात उरकतो.

आपण आशियातच राहतो. मग आशिया वेगळा कशाला शिकायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे.

मी आठवीच्या वर्गाला आशियाचा कोरा नकाशा दिला होता. सूचना एकच: जेवढे देश आणि शहरं माहीत आहेत तेवढी भरा. भारत, चीन, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, जपान एवढं झालं आणि बहुतेकांच्या पेन्सिली थांबल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र कतारच्या पूर्व किनाऱ्यावर बरोब्बर ठिपका देऊन 'दोहा' लिहिलं. त्याचा मामा तिथे वेल्डर आहे. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार युरोप-अमेरिकेच्या नकाशावर केला, तर लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया धडाधड आले. कॅलिफोर्निया शहर नाही हे सांगावं लागलं, ते सोडा.

जगातली साधारण ६० टक्के माणसं आशियात राहतात. आपला पाऊस, भात, चहा, सोनं, पेट्रोल, मोबाइल, मामाची नोकरी सगळं या खंडाशी बांधलेलं आहे. तरी मुलांच्या मनातल्या नकाशात हा भाग कोराच असतो. आशियात राहणं आणि आशिया माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या नकाशाने मला हे दाखवलं.

सुरुवात कुठून करायची?

पांडवलेण्यांपासून. मी हे प्रत्येक शाळेला सांगते, कारण ती आपल्या दारात आहेत आणि त्यांच्याइतका सोपा धडा दुसरा नाही.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. बहुतेक शाळा सहल काढतात, मुलं पायऱ्या चढतात, मूर्तीसमोर फोटो होतो, डबे खाऊन सगळे खाली. भिंतीवरचे लेख कुणी बघत नाही, आणि सगळा आशिया त्या लेखांमध्ये आहे. १० क्रमांकाचं लेणं नहपान या शक क्षत्रपाच्या काळातलं. शक मूळचे मध्य आशियातले. तिथले लेख त्याचा जावई उषवदात याचे आहेत. १७ क्रमांकाचं लेणं खोदवून घेणारा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा 'यवन' म्हणवतो. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. आणि ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री ही सातवाहन राजमाता आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन, पल्हवांचा पाडाव केला असं अभिमानाने कोरून ठेवते. पल्हव म्हणजे इराणकडचे पार्थियन. एका टेकडीवर तीन-चार समाजांची नावं, दानंही आणि लढायाही.

सहावीच्या मुलांना घेऊन गेले होते तेव्हाची गोष्ट. एक मुलगी लेखाखाली मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, इथे अधिकचं चिन्ह आहे." ते ब्राह्मीतलं 'क' होतं. दोन रेघांची फुली, अगदी अधिकच्या चिन्हासारखी. मग शोधाशोध सुरू झाली. 'ठ' सापडला, तो तेव्हाही गोल होता आणि आजही आपण गोलच काढतो. हात लावायचा नाही एवढी ताकीद देऊन मी बाजूला झाले. नंतर वर्गात मी थाई, ख्मेर, बर्मी, सिंहली, तिबेटी लिप्यांचे नमुने फळ्यावर लावले आणि सांगितलं, ही सगळी त्या फुलीची नातवंडं-पतवंडं आहेत. सगळ्यांची मूळ आई ब्राह्मी. त्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर थाई 'क' काढून ठेवला होता, मला वर्षाच्या शेवटी दिसला.

जमलं तर याला नाण्यांची जोड द्या. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. आपल्या नोटेवर किती लिप्या आहेत ते मोजायला लावा, मुलं लगेच दोन्ही गोष्टी जोडतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा.

गणितात आशिया कसा येणार? तिथे तर फक्त आकडे असतात.

गणितात तो सगळ्यात सहज येतो. आमच्या गणिताच्या सरांनी सरळव्याजाचा तास उषवदाताच्या लेखावर घेतला तेव्हा मी मागे बसून ऐकला.

लेखातली माहिती अशी: गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, व्याज दरमहा शेकडा १. दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवले, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल मोडायचं नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी द्यायचे. सरांनी एवढं फळ्यावर लिहिलं आणि खडू खाली ठेवला. "पैसे पुरतात का बघा." वर्ग कामाला लागला. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२, २४०. एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही. पाठीमागून कुणीतरी जोरात "जमलं!" म्हणालं. दुसऱ्या ठेवीचं वर्षाचं व्याज ९० येतं, ते इतर वरखर्चाला. त्याच लेखात पुढे ७०,००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्ण (सोन्याची नाणी), एका सुवर्णाला ३५ कार्षापण, असा विनिमयदरही दिलेला आहे. रुपया-दिरहमचं गणित त्याच्या शेजारी मांडा.

दुसरं उदाहरण शकाचं, म्हणजे शक नावाच्या कालगणनेचं. कंबोडियात मेकाँग नदीकाठी सांबोर येथे एक शिलालेख सापडला. त्यात ६०५ हा आकडा आहे आणि मधल्या शून्याच्या जागी ठिपका आहे. जगातल्या सगळ्यात जुन्या लिखित शून्यांपैकी हा एक. पण ६०५ म्हणजे कोणतं साल? शके ६०५. घरातल्या कॅलेंडरवर छापतात तेच शके. त्यात ७८ मिळवा, इसवी सन ६८३. बालीमध्ये हा शक आजही चालतो. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला आणि बालीचं नववर्ष 'न्येपी' तेही १९ मार्चला, दोन्हीकडे शके १९४८ सुरू. आपल्याकडे ढोल-ताशांच्या स्वागतयात्रा निघतात, बालीत त्या दिवशी दिवा लावत नाहीत, कुणी घराबाहेर पडत नाही, विमानतळसुद्धा बंद असतो. हे ऐकून सातवीच्या वर्गात पूर्ण शांतता पसरली होती, बहुधा न्येपीचीच.

शिवाय गल्लोगल्ली अबॅकसचे क्लास आहेतच. वर्गातल्या एखाद्या मुलाची पाटी आणायला सांगा. वर एक मणी आणि खाली चार, म्हणजे तो जपानी सोरोबान. चिनी स्वानपानला वर दोन, खाली पाच.

मराठीच्या तासाला काय करायचं?

शब्द गोळा करायचे. बाजार, दुकान, दरवाजा, कागद, शाई, हवा फारसीकडून आले. तारीख, वकील अरबीतून. तोफ तुर्कीतून. चहा चीनमधून आणि रिक्षा जपानमधून आली, तिचं मूळ नाव 'जिनरिकिशा', माणसाने ओढायची गाडी. साखर मात्र उलट दिशेने गेली. संस्कृत 'शर्करा' इराणात जाऊन 'शकर' झाली. मुलांना हा उलटा प्रवास फार आवडतो. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश का करून घेतला, हा इतिहासातला प्रश्नही इथेच नीट उमगतो. राज्यकारभारात फारसी किती मुरली होती हे आधी कळलं तर त्या कोशाचं मोलही कळतं.

येवल्याजवळच्या शाळांनी पैठणीपासून सुरुवात करावी. रेशीम मूळचं चीनचं, संस्कृतात तलम रेशमी वस्त्राला 'चीनांशुक' म्हणत. ज्या मुलांच्या घरी माग आहे त्यांनी तो तास घ्यावा, शिक्षकांनी ऐकावं.

नववीला आम्ही हायकू लिहून घेतो. हा जपानी काव्यप्रकार शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. तीन ओळी, फापटपसारा नाही. गंगापूर धरणाच्या काठावर बसून लिहिलेले हायकू निबंधांपेक्षा कितीतरी खरे उतरतात.

आणि एक गोष्ट माझ्या मनातली. आपण 'मध्यपूर्व' म्हणतो. नाशिकमध्ये उभं राहून दुबईकडे बोट दाखवायला सांगा. बोट पश्चिमेकडे जातं. मग ती 'पूर्व' कुणाची? युरोपात उभं राहिलेल्या माणसाची. आम्ही शाळेत 'पश्चिम आशिया' म्हणायचं ठरवलं आहे आणि मुलं मला बातम्या ऐकताना चुका पकडून आणून देतात.

विज्ञानात?

थोडक्यात सांगते, कारण हा आमचा कच्चा दुवा आहे आणि काम अजून चालू आहे. प्रकाशाच्या पाठात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक (पिनहोल कॅमेरा) करतोच, तेव्हा दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमची ओळख करून देतो, कारण डोळ्यातून किरण बाहेर पडतात ही समजूत त्याने खोडून काढली. औषधांच्या पाठात मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चं नोबेल मिळवणाऱ्या चीनच्या तू यूयू येतात. भूकंपाच्या पाठात २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. शास्त्रज्ञांची नावं नुसती पाठ करून घेऊ नका, त्यांनी कोणता प्रश्न कसा सोडवला ते करून बघा.

पंचवटीच्या शहरात 'दुसऱ्या देशांतलं रामायण' शिकवलं तर पालक दुखावणार नाहीत का?

सुरुवातीला मलाही धास्ती होती. आमच्या कितीतरी मुलांच्या घरून सीतागुंफा आणि काळाराम मंदिर पायी पाच मिनिटांवर. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, ही कथा त्यांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते.

आम्ही एक पथ्य पाळलं. कुणाची कथा खरी आणि कुणाची खोटी, ही चर्चा वर्गात येऊच द्यायची नाही. प्रश्न एवढाच: आपल्या पंचवटीतली गोष्ट समुद्र ओलांडून कुठे कुठे गेली आणि तिथल्या लोकांनी ती आपलीशी कशी केली? जावामधल्या प्रंबानन मंदिरावर नवव्या शतकातली रामकथेची शिल्पं आहेत. थायलंडचं 'रामकियेन' हा तिथला राष्ट्रीय ठेवा आहे, जुन्या राजधानीचं नाव अयुथया म्हणजे अयोध्येवरून घेतलेलं, आणि राजांनाही 'राम' ही पदवी. थाई कथेत रावणाला 'थोत्सकन' म्हणतात. हे नाव कुठून आलं असेल, असं विचारल्यावर संस्कृत घेतलेल्या एका मुलाने दोन मिनिटं ओठ हलवले आणि ओरडला, "दशकंठ!" इंडोनेशियात हीच कथा चामड्याच्या छायाबाहुल्यांतून रात्रभर चालते. आपल्या कोकणात पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे, तो त्याच्या शेजारी दाखवला.

थाई हनुमान ब्रह्मचारी नाही, हा तपशील मी स्वतःहून काढत नाही. नववीत कुणी वाचून विचारलं तर सरळ उत्तर देते. पालकसभेत एका आजोबांनी हात वर केला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "बाई, प्रंबाननला मारीच कोरलाय का? मला फोटो पाहिजे."

कांद्याचा आणि आशियाचा काय संबंध?

हा प्रश्न निफाडच्या पालकांनी मला कधीच विचारला नाही, शहरातले विचारतात.

लासलगावचा भाव सकाळी पडला की त्याचे हादरे ढाका, कोलंबो, क्वालालंपूर, दुबईपर्यंत जातात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क लावून. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन आपल्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितल्याचं बोलून दाखवलं होतं. आठवीच्या अर्थव्यवस्थेच्या पाठाला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आमच्या शाळेत या काळातले लासलगावचे भाव मुलांनी वर्तमानपत्रांतून टिपले आणि आलेख काढला. मग वर्गाचे चार गट: निफाडचा शेतकरी, नाशिकची गृहिणी, ढाक्यातली गृहिणी, दिल्लीतला अधिकारी. प्रत्येकाने आपली बाजू मांडायची. ज्याच्या घरी चाळीत कांदा सडला होता तो मुलगा ढाक्याच्या गृहिणीच्या गटात होता. त्याने आधी गट बदलून मागितला, मी दिला नाही. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे नाहीये आणि त्यांच्याकडे सडतोय, मग मधे कोण बसलंय?" मी त्याला उत्तर दिलं नाही. ते शोधणं हाच पुढच्या आठवड्याचा गृहपाठ झाला.

आमची शाळा खेड्यात आहे. ना संग्रहालय, ना इंटरनेट. आम्ही काय करणार?

तुमच्याकडे शहरापेक्षा जास्त आहे, हे मी मनापासून सांगते.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे जुलैत आवणी चालते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणारी तीच कंबर व्हिएतनामला आणि फिलिपिन्सला आहे. फिलिपिन्सच्या कॉर्डिलेरा पर्वतातली डोंगरउतारावरची भातखाचरं १९९५ पासून जागतिक वारसा आहेत. आईच्या हातातल्या रोपांच्या जुडीपासून धडा सुरू करा.

बागलाणातल्या शाळांना तर मी हेवा वाटून सांगते: तुमच्याकडे फड आहे. मोसम नदीवर आणि शेजारी धुळ्यात पांझरेवर बंधारे घालून गावाने मिळून पाणी वाटायची ही जुनी पद्धत. शेताचे फड पाडायचे, एका फडात एक पीक, पाटकरी पाणी सोडणार, ज्याची पाळी त्यालाच पाणी. बालीमध्ये 'सुबक' नावाची अशीच व्यवस्था आहे, तिथे पाण्याच्या पाळ्या मंदिरांच्या साखळीतून ठरतात आणि २०१२ मध्ये तिलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. गावातल्या जुन्या पाटकऱ्याला शाळेत बोलवा. भांडणं कशी मिटवायचे, पाणी चोरलं तर काय दंड, हे मुलांनी विचारून लिहून घ्यावं आणि मग सुबकच्या नियमांशी ताडून बघावं. भूगोल, नागरिकशास्त्र, पर्यावरण तिन्ही एका दुपारी होतात. हे काम लवकर करा, कारण फड चालवलेली माणसं आता थोडी राहिली आहेत.

सुरगाणा-पेठच्या वारली मुलांना हेही सांगा की जपानमध्ये निइगाता प्रांतात तोकामाची इथे एक संग्रहालय आहे, तिथे वारली चित्रं जपून ठेवलेली आहेत.

शारीरिक शिक्षणाच्या तासाला?

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना. इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. इराणच्या मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. हरलो की जिंकलो, यावर आमच्या मैदानावर दरवर्षी नव्याने वाद होतो. त्याच स्पर्धेत चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौकानयनात सुवर्ण जिंकलेल्या चमूत होता, आणि २०१० ला ग्वांगझूत कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवलं.

चीन आणि पाकिस्तानबद्दल काय शिकवायचं? ते शत्रू नाहीत का?

जे घडलं ते सगळं शिकवायचं. १९६२ चं युद्ध शिकवायचं, सीमेवर गेलेले जवान शिकवायचे. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही शिकवायचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तिथल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. मोहेंजोदडो आज पाकिस्तानात आहे, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं आपल्या देवळाली-नाशिकमध्ये आहेत. त्यांच्या घरातल्या आजी-आजोबांच्या आठवणी हा इतिहासाचा पाठच आहे.

सरकारांमधलं वैर आणि तिथली माणसं यांत फरक करता येणं, हे आठवी-नववीच्या मुलाला झेपतं. मोठ्यांपेक्षा बरं झेपतं.

'आशिया दिन' साजरा केला तर नाही का चालणार?

आम्ही पहिल्या वर्षी तेच केलं आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

कागदी पंखे, टोकदार टोप्या, नूडल्सचा स्टॉल, 'देशोदेशीचे पोशाख'. मुलं खूश, पालक खूश, फोटो उत्तम. मधल्या सुट्टीत सहावीच्या काही मुलांनी एका मुलाभोवती कोंडाळं केलं. त्याचे वडील नेपाळहून आलेले, जवळच्या सोसायटीत राखणदार. डोळे ताणून दाखवत ती मुलं त्याला म्हणत होती, "तुला तर टोपी घालायची गरजच नाही." तो पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले तेव्हा त्याच्या आईने चहा केला आणि काहीच तक्रार केली नाही. तेच जास्त लागलं.

चूक मुलांची कमी, आमची जास्त. आम्ही माणसांना टोप्या आणि पंख्यांवर आणून ठेवलं होतं. त्यानंतर तो कार्यक्रम आम्ही कायमचा बंद केला. त्या वर्षी फेब्रुवारीत एव्हरेस्टच्या पाठाच्या वेळी त्या मुलाच्या वडिलांना बोलावलं. त्यांनी आपलं गाव, तिथली शाळा, नाशिकला पोचायला लागलेले दिवस, सगळं हिंदीत सांगितलं. नेपाळी माणूस एव्हरेस्टला 'सगरमाथा' म्हणतो हे वर्गाने फळ्यावर लिहून ठेवलं. मुलगा पहिल्या बाकावर बसला होता.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?

जूनमध्ये वार्षिक नियोजनाच्या बैठकीत एक मोठा कागद भिंतीला लावा. उभे विषय, आडव्या इयत्ता. प्रत्येक शिक्षकाने आपल्या पाठ्यपुस्तकातले असे दोनच घटक लिहायचे, जिथे आशियातलं उदाहरण घातल्याने मूळ संकल्पना जास्त पक्की होईल. दोनच. आमच्याकडे पहिल्या बैठकीत उत्साहाने प्रत्येकी आठ लिहिले गेले आणि दिवाळीपर्यंत सगळे गळाले.

कागद भरला की जोड्या दिसू लागतात. सातवीचं गणित शकावर आणि सातवीचा इतिहास शिलालेखांवर, मग दोघांनी एकाच आठवड्यात का घेऊ नये? हे संपूर्ण शाळेचं काम आहे असं मी म्हणते ते याच अर्थाने. एकट्या भूगोलाच्या बाईंनी केलं तर ते त्यांची बदली किंवा निवृत्ती होईपर्यंत टिकतं.

दहावीचं काय?

दहावीला वेगळं काही करू नका. त्यांना पेपर सोडवू द्या.

मूल्यमापन कसं करायचं?

त्या त्या विषयाच्या आकारिक मूल्यमापनात. प्रकल्प, तोंडी काम, उपक्रम यांचे गुण तिथे आहेतच. 'इंडोनेशियाची राजधानी कोणती' असा प्रश्न विचारून हे काम मारू नका. उषवदाताच्या लेखावरचं व्याजाचं उदाहरण घटक चाचणीत घाला, ते गणिताचंच उदाहरण आहे.

आम्हालाच आशियाची फारशी माहिती नाही. चुकलो तर?

चुकाल, आम्हीही चुकलो. माझ्या वर्गात मी एकदा बाली हा देश म्हणून सांगितला आणि सातवीतल्या मुलीने ॲटलास उघडून दाखवला. "बघून सांगते" हे वाक्य वर्गात बोलायची सवय करा. आणि घरची माणसं विसरू नका. आखातात काम करून आलेले, मालेगावचे यंत्रमागवाले, देवळालीचे पारशी शेजारी, द्राक्ष निर्यात करणारे बागायतदार, सगळे शिक्षक होऊ शकतात.

नकाशे कुठले वापरायचे?

भारताच्या सीमा दाखवणारा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचाच वापरा, त्यांच्या संकेतस्थळावर बाह्यरेषा नकाशे मिळतात. परदेशी संकेतस्थळांवरचे नकाशे फळ्यावर लावण्याआधी जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचलची सीमा तपासा. भिंतीवर लागल्यावर आक्षेप आला की पूर्ण उपक्रमच बंद पडतो.

खर्च किती येतो?

आमच्या शाळेत सगळ्यात मोठा खर्च लेण्यांच्या सहलीच्या बसचा. बाकी खडू, कागद आणि झेरॉक्स.

मुलांना इंग्रजी आणि संगणक हवाय, हे कशाला?

असं विचारणाऱ्या एका वडिलांना मी त्यांच्याच मुलाची वही दाखवली. त्यांची द्राक्षबाग आहे, माल बांगलादेशात आणि आखातात जातो. मुलाने दोन्ही बाजारांतल्या सणांच्या तारखा, रमजान कधी, तेव्हा मागणी कशी बदलते, हे चार्ट करून लिहिलं होतं. त्यांनी वही शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "ही घरी नेऊ का दोन दिवस?"

उद्यापासून करायचं म्हटलं तर पहिलं काय करू?

कोरा नकाशा द्या. आशियाचा, एका वर्गाला, पंधरा मिनिटं. गुण देऊ नका, नावं लिहून घ्या आणि कागद कपाटात जपून ठेवा. मार्चमध्ये त्याच मुलांना तसाच कोरा नकाशा परत द्या आणि दोन्ही कागद त्यांच्याच हातात ठेवा.